वेगळी कढई

"खोबरेकरबाई, राग मानू नका, पण चव गेली हो तुमच्या चिप्सची."

सहस्रबुद्धे साहेब चिप्सचा एक तुकडा चिमटीत धरून दिव्यासमोर निरखत उभे होते. काउंटरच्या अलीकडे मी, अंगावर एप्रन, हातात झारा आणि पोटात संकष्टीचा उपास. पलीकडे ते, विदरडेल महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्यामागे भिंतीलगतच्या दोन टेबलांवर मंडळाची कार्यकारिणी आपापल्या कागदी पुड्यांवर वाकून बसली होती. त्यांचाही उपासच होता.

आता कुणी विचारेल, उपासाच्या दिवशी माशाच्या दुकानात ही सोवळी मंडळी काय करत होती? तर ऐका.

विदरडेल हे यॉर्कशायरातलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव, आणि गोष्ट त्र्याऐंशी सालची. आपल्याकडे वरणभात तसं तिथे फिश अँड चिप्स. आजारातून उठलेल्याला तेच, पगाराच्या दिवशी तेच, मयतीहून परत आल्यावरही तेच. माशाला हळद नाही, तिखट नाही, कोकमाचं आगळ नाही. पिठाची गोधडी पांघरायची आणि सोडायचा कढईत. मालवणात माझ्या आईने तो मासा बघितला असता तर म्हणाली असती, "ह्या गरिबाक थंडी वाजता काय गो?" पण इंग्रज माणूस पावसात रांग लावून तो घ्यायचा, आणि त्या रांगेवर माझं घर चालायचं, तेव्हा मी कशाला नावं ठेवू?

मंडळातली बहुतेक घरं शाकाहारी. मासा त्यांना नजरेसमोर नको. पण चिप्स म्हणजे बटाटे, बटाटा उपासाला चालतो, मीठ चालतं, तळलेलं तर धावतं. झालं! आम्ही ते दुकान घेतलं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळाची संकष्टी, एकादशी, महाशिवरात्र त्याच दुकानात पार पडत होती. चंद्रोदयापर्यंत माणसाने तग कशावर धरायचा? त्या देशात एक तर चंद्र दिसत नाही, आणि दिसेपर्यंत दुकानं बंद होतात.

बरं, नियमाला मंडळी एकदम कडक. सहस्रबुद्धे साहेब गिरणीत रंगांचे रसायनतज्ज्ञ. चिप्सवर तिथे व्हिनेगर शिंपडतात. साहेबांनी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं, की हे व्हिनेगर बार्लीचं असतं, बार्ली हे धान्य, आणि धान्य उपासाला वर्ज्य; चिप्स चालतात, व्हिनेगर नाही. ठराव मांडला, पास झाला. तेव्हापासून उपासाच्या दिवशी कोटाच्या खिशातून लिंबाच्या फोडी निघायच्या. एका बाईंनी तर आधीच्या मालकाला, म्हाताऱ्या हार्टलीला, तुझ्याकडे शेंदेलोण मिळेल का म्हणून विचारलं होतं. सगळ्याची चौकशी झाली होती. चिप्स तळतात कशात, एवढं मात्र एकानेही विचारलं नव्हतं.

ते मला कळलं दुकान ताब्यात घेतलं त्याच सकाळी. हार्टलीने कपाट उघडून साबणाच्या वड्यांसारखे पांढरे ठोकळे दाखवले. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ड्रिपिंग. म्हणजे? म्हणजे गाईची चरबी. सगळं ह्यातच तळायचं, मासा काय आणि बटाटा काय.

मी मटकन पोत्यावर बसले. आमचे हे, मनोहर, बोटीवर इंजिनवाले. जगभरचं पाणी प्यालेला माणूस. तो म्हणाला, "शालन, पैसे दिलंव आपण. आता रडान काय उपेग?" माझ्या डोळ्यांसमोर मंडळाच्या त्या सगळ्या उपासकऱ्यांची तोंडं आली. बिचाऱ्यांना ठाऊक नाही आणि सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? गिऱ्हाइकाला ड्रिपिंगच हवं होतं, ते बदललं असतं तर दुकान आठवड्यात बसलं असतं. मग मी एक छोटी वेगळी कढई मांडली. तिथे फ्रायर म्हणतात, माझ्या तोंडात कढईच. शेंगदाण्याचं तेल आणलं, झारा वेगळा, चाळणी वेगळी. मंडळाचं माणूस दारात दिसलं की त्याचे चिप्स त्या कढईतले. त्यांना वाटलं, माशाचा स्पर्श नको म्हणून बाईंनी सोय केली. आणि तो त्यांचा हक्कच होता असं त्यांना वाटलं, त्यामुळे आभारबिभार काही नाही. मी स्वतः दुकानातलं काही तोंडात घालत नसे. माझे मासे घरी, माझ्या तव्यावर, आणि श्रावणात तेही बंद.

एवढं सगळं करून वर हे ऐकायचं, की चव गेली!

"हार्टलीच्या हातचे चिप्स," साहेब म्हणाले, "काय खमंग असायचे! खाल्ल्यावर समाधान व्हायचं. हे नुसते बटाटे लागतात."

"बटाटेच आहेत ते," मी म्हटलं.

"तसं नाही. हात असतो एकेकाचा." मागच्या टेबलावरून सहस्रबुद्धेवहिनी बोलल्या. विमल त्यांचं नाव. गोऱ्या, नीटस, बोलणं मोजकं, आणि मोजक्यातच माणसाचा जीव घ्यायच्या. "शालनताई, तुम्ही मोदकांचं विचारत होतात ना? आता तुम्हीच बघा. साधे चिप्स जमत नाहीत, आणि मोदक म्हणजे नैवेद्य. शिवाय तुमचे हात दिवसभर माशात. दोन वर्षं सांगतेय, कितीही धुतले तरी वास हा राहतोच."

टेबलावरच्या चार माना हलल्या.

मोदकांचं मी हौसेने विचारत नव्हते हो. दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत मनोहरच्या छातीत दुखायला लागलं आणि त्याला इस्पितळात नेला. डॉक्टर काही धड सांगेनात. मी ओला कोट तसाच अंगावर ठेवून मंडळाच्या गणपतीपुढे जाऊन उभी राहिले आणि बोलले, "ह्याला घरी आण. तुझ्यापुढे माझ्या हातचे एकवीस मोदक ठेवीन." नवरा घरी आला. नवस मात्र तसाच अंगावर. घरच्या तसबिरीपुढे एकवीस काय, शंभर मोदक केले, पण ज्या देवाला बोललं त्यालाच द्यायला नको का? गेल्या वर्षी वहिनींनी "बघू हं" म्हणून टोलवलं आणि स्वतः मोदक केले. ते मोदकपात्रातच फुटले. गणपतीपुढे गेली ती गुळाची लापशी. आणि ह्या उन्हाळ्यापासून मनोहर पुन्हा जिना चढताना मध्येच थांबायला लागला होता. डॉक्टर म्हणायचा, औषधं वेळेवर घ्या. मला रात्रंदिवस वाटायचं, औषधाचं काही नाही, माझा शब्द राहिलाय.

"वहिनी," मी म्हटलं, "मी आंघोळ करून, लिंबाने हात घासून येईन. तुम्ही समोर उभ्या राहा हवं तर. एकवीसच करते. तेवढेच ठेवा देवापुढे, बाकीचे तुमचे."

"देवाच्या बाबतीत हवं-नको काय असतं?" त्या म्हणाल्या आणि चिप्स खायला लागल्या.

मी झारा कढईवर झटकला आणि तोंड उघडलं. मनोहरने बटाटे सोलता सोलता मान वर केली आणि हळूच म्हणाला, "गप रव गो. गिऱ्हाईक आसत ती."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि स्वतः हार्टली आत आला. दुकान विकलं तरी त्याचा पाय सुटला नव्हता. आठवड्यातून एकदा यायचा, पैसे देऊन मासा खायचा आणि चूक काढायचा.

साहेबांचा चेहरा फुलला. "आलात का? या, या, मिस्टर हार्टली! अगदी वेळेवर आलात. ह्या बाईंना जरा तुमचं गुपित सांगा. तुमच्या चिप्सची ती चव कशाने यायची?"

मी हाताने नको नको केलं. पण म्हातारा खूश झाला. आयुष्यभर तळलं, आणि असं कुणी विचारलं नव्हतं. काउंटरवर कोपर टेकून तो म्हणाला, "गुपित कसलं? उत्तम बीफ ड्रिपिंग. मी दर सोमवारी नवं भरायचो. तेलात तळतात ते लंडनचे लोक, त्यांना कुठे चव कळते? तुमची माणसं मात्र जाणकार हो, माझे चिप्स कधी टाकले नाहीत." असं म्हणून त्याने साहेबांच्या पाठीवर थाप मारली, आपला मासा घेतला आणि खिडकीतल्या टेबलापाशी जाऊन बसला.

टेबलांवर गणपतीच्या सभागृहाच्या भाड्यावरून वाद चालला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. रसायनतज्ज्ञ माणूस, त्यांना ड्रिपिंग म्हणजे काय हे समजावून सांगायला नको होतं.

"आणि हे?" त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला.

"हे शेंगदाण्याच्या तेलातले. आम्ही दुकान घेतल्यापासून."

"अच्छा," ते म्हणाले, "म्हणून चव नाही!"

तोंडातून गेलं खरं, पण मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला.

"किती जणांना माहीत आहे हे?"

"मला, ह्यांना आणि हार्टलीला. आता तुम्हाला."

"खोबरेकरबाई…" ते काउंटरवर वाकले. साहेब माझ्या काउंटरवर कधी हात टेकत नसत, त्या दिवशी दोन्ही टेकले. "विमलला कळता कामा नये. ती जिवाचं काहीतरी करून घेईल. तिचं सोवळंओवळं तुम्हाला ठाऊक आहे. मी… मीच ठराव केला होता हो, चिप्स चालतात म्हणून!"

खरं सांगते, एक क्षण माझ्या जिभेवर आलं होतं. झारा काउंटरवर आपटायचा आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, की बायांनो, माझ्या हाताला वास येतो काय? तुमच्या पोटात काय आहे ते विचारा ह्या म्हाताऱ्याला! मनोहर माझ्याकडे बघत होता. बटाटा हातात तसाच.

"मोदकांचं काय म्हणत होतात तुम्ही?" साहेबांनी घसा खाकरला. "म्हणजे मला वाटतं, मंडळात असा भेदभाव बरा नाही. काळ बदललाय. नैवेद्याचे सगळेच मोदक तुम्ही करा. मी विमलला सांगतो."

मला शरम वाटली. त्यांचीही आणि माझीही. माझ्या हाताला मान म्हणून नव्हे, माझ्या तोंडाला कुलूप म्हणून ते आमंत्रण होतं, हे न कळायला मी काही खुळी नव्हे. पण मनोहर बटाट्यांचं पातेलं उचलायला वाकला आणि त्याला धाप लागली. मी म्हटलं, "करीन."

गणेशचतुर्थीला सकाळी मी भाड्याच्या सभागृहात पोचले. सभागृह चर्चचं. पुढे क्रूसाखाली मखर, मागे स्वयंपाकघर. तांब्याचं मोदकपात्र, तांदळाची पिठी, गूळ, वेलची सगळं घरून नेलं होतं. नारळ पहाटेच उठून खवले होते. विमलवहिनी आधीच हजर. जरीकाठी नऊवारी, केस ओले. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हे म्हणाले, देखरेख कर. म्हणून आलेय."

"करा," मी म्हटलं.

मी सारण शिजवलं, उकड काढली, तुपाचा हात लावून मळली. एक पारी केली, दुसरी केली. बोटांच्या चिमटीने कळ्या पाडल्या, नाक काढलं. वहिनींची नजर माझ्या बोटांवर. चार मोदक झाले. मग एकदम म्हणाल्या, "आमचे हे तुम्हाला बोलवायला एकाएकी कसे तयार झाले?"

"त्यांनाच विचारा."

"विचारायला कशाला हवं? हार्टली आला होता ना त्या दिवशी." त्यांनी दार आतून लोटलं. "मी टेबलावर होते, पण कान बहिरे नाहीत माझे. आणि मला नवीन काही कळलंच नाही त्यात."

माझ्या हातातली पारी फाटली.

"मी ह्या गावात आले तो पहिला हिवाळा," त्या म्हणाल्या. "दिवस गेलेले. पोटात पाणी ठरत नव्हतं. आमटीभाताच्या वासाने ओकारी यायची. हे गिरणीत, माहेर सात समुद्रांपलीकडे. एक दिवस त्या दुकानावरून जाताना वास आला आणि मला भूक लागली हो, शालनताई! कितीतरी आठवड्यांनी भूक लागली. हार्टलीची बायको होती तेव्हा काउंटरवर. मी पुडा घेतला, सगळा खाल्ला, बोटं चाटली. मग तिला विचारलं, कशात तळतेस? तिने सांगितलं."

"मग?"

"मग घरी जाऊन रडले. ढसाढसा रडले. आणि दुसऱ्या दिवशी परत गेले." त्या भिंतीकडे बघत होत्या. "माझा थोरला त्याच्यावर वाढलाय. पुढे ह्यांनीच सगळ्यांना सांगितलं, चिप्स चालतात, उपासाला उत्तम. तेव्हा मी काय बोलणार होते? बोलले असते तर मला कसं ठाऊक, हे आलंच. गप्प बसले. पहिल्या दिवशी गप्प बसलं की मग बोलायची सोयच राहत नाही."

"आणि मी आले तेव्हा?"

"तुम्ही आलात आणि वेगळी कढई मांडलीत. सगळे म्हणाले, माशाचा विटाळ नको म्हणून. मला पहिल्या घासाला कळलं, ही बाई सगळं जाणून आहे. त्या दिवसापासून मला तुमची भीती वाटायची. तुम्ही मंडळात आलात, चार बायकांत बसलात, एखाद्या वेळी बोलून गेलात, आणि चौकशी हार्टलीच्या घरापर्यंत गेली तर? वासाचं मी आपलं काढलं. दुसरं काय काढणार होते?"

मला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. "वहिनी, दोन वर्षं मी लिंबाने हात घासतेय. सालं निघाली हाताची. रात्री नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवायच्या आधी वास घेऊन बघायचे. गेल्या वर्षी तुम्ही नाही म्हणालात त्या दिवसापासून तो जिना चढायला लागला की माझा जीव गळ्याशी येतो, माझ्या नवसाचं ओझं त्याच्या छातीवर आहे म्हणून. आणि तुम्ही वासाचं आपलं काढलंत?"

त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मोदकपात्रातलं पाणी खळखळायला लागलं, तसा मी गॅस बारीक केला. नैवेद्याची वेळ काही आमच्या रडण्यासाठी थांबणार नव्हती, आणि पाटावर अजून चारच मोदक होते. बाहेर शंभर माणसं.

मग त्यांनी नाक पुसलं. "एक विचारू? तुम्हाला कशी लागायची हो ती चव? मला अजून स्वप्नात येते."

"मला काय ठाऊक? मी कुठे खाल्लंय?"

"म्हणजे?"

"दुकानातला एक तुकडा तोंडात घातलेला नाही मी. तुमची कढई सोडली तर सगळं त्याच चरबीतलं. मासे खाते मी, वहिनी. गाय नाही खात."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. डोक्यात एकेक नाव चाललेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, त्यांच्या बायका, आरती म्हणणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या, सोवळं नेसून बाहेर फुलं निवडत बसलेल्या. मोजणी संपली तशा त्या खाली बघायला लागल्या.

"मग तर सगळ्या मंडळात नैवेद्याला हात लावायजोग्या तुम्ही एकट्याच," त्या म्हणाल्या, आणि ओट्यापासून दोन पावलं मागे सरकल्या. हात पाठीमागे. दोन वर्षं मी त्यांच्या पुढ्यात जशी उभी राहत होते, अगदी तश्शा.

देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. उगाच थोरपणा कशाला मिरवू? मी सावकाश आणखी पाच मोदक केले, त्यांना तसंच उभं ठेवून. त्याच्या पुढचा करताना मात्र हात जड झाला. बाई आपल्या जरीकाठात चोरासारखी उभी होती, आणि कळ्या पाडणाऱ्या माझ्या बोटांकडे अशी बघत होती, की तिलाही काही बोलायचंय त्या देवाजवळ.

"उभ्या काय राहिलात?" मी म्हटलं. "शंभर माणसांचे मोदक एकटी कधी करू? एकवीस माझे मी करते. बाकीच्यांना हात लावा."

"पण शालनताई, मी तर…"

"तो साबण आहे सिंकपाशी. हात धुवा आणि या."

त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, दोनदा धुतले. मग येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मी उकडीचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला आणि पारी कशी पातळ करायची ते दाखवलं. गेल्या वर्षी ती जाड ठेवली होती, म्हणून फुटले होते. पहिला मोदक वाकडा झाला, दुसरा त्याहून वाकडा, तिसरा बरा होता.

एवढ्यात दार करकरलं आणि सहस्रबुद्धे साहेबांनी आत डोकं घातलं. आम्हा दोघींना एका परातीत हात घातलेलं पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नजर एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे.

"विमल," ते चाचरत म्हणाले, "सगळं… सगळं सोवळ्यात चाललंय ना?"

वहिनींनी मान वर केली नाही. कळी पाडता पाडता म्हणाल्या, "काळजी करू नका हो. शालनताई आहेत ना."